बटाटा, सायटोक्रोम आणि रामन यांच्या अटी : कमला सोहोनी यांची खरी गोष्ट काय आहे?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट फिरत येते. काळा-पांढरा फोटो, नऊवारी किंवा पाचवारीतली एक चष्मेवाली बाई, आणि खाली मजकूर : विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय महिला, सायटोक्रोम सीचा शोध लावणारी शास्त्रज्ञ, कमला सोहोनी. १८ जून २०२३ ला गूगलने त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी डूडल केलं, तेव्हा तर ही पोस्ट आमच्या चाकूरच्या शाळेच्या ग्रुपवर एका दिवसात तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी एका मित्राने विचारलं की सायटोक्रोम म्हणजे नेमकं काय, आणि ते या बाईंना कुठे सापडलं? कोणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. मी मास कम्युनिकेशनवाली, बारावीनंतर रसायनशास्त्राचं पुस्तक परत उघडलं नव्हतं.

मग उघडलं. आणि लक्षात आलं की ही पोस्ट अर्धी बरोबर आहे. जो अर्धा भाग चुकलाय, तो नीट समजून घेतला तर बाईंचं काम लहान होत नाही, उलट नीट दिसायला लागतं.

त्यासाठी आधी एक साधा प्रश्न. तुमच्यापुढे एक भांडं आहे. त्यात शेकडो रसायनांची मिसळ आहे. त्यात नेमकं काय काय आहे, हे कसं ओळखायचं?

आज या प्रश्नाचं बऱ्याचदा मिळणारं उत्तर म्हणजे एक यंत्र, किंवा खरं तर दोन यंत्रांची जोडी. क्राइम सिरीजमध्ये पांढरा कोट घातलेला माणूस नमुना मशीनमध्ये टाकतो आणि स्क्रीनवर टोकदार शिखरं उमटतात, ते बहुतेक वेळा हेच असतं. गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. पहिलं यंत्र मिसळ वेगळी करतं, दुसरं वेगळ्या झालेल्या प्रत्येक घटकाची ओळख पटवतं.

हे कसं, ते लातूरच्या गंजगोलाईवरून सांगते. समजा शंभर माणसं एकाच वेळी बाजाराच्या एका टोकाला सोडली. ज्याला काहीच घ्यायचं नाही तो सरळ चालत दुसऱ्या टोकाला पोचेल. ज्याला प्रत्येक दुकानात डोकवायचं आहे तो तासाभराने उगवेल. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये केसासारखी बारीक, साधारण ३० मीटर लांबीची नळी वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते. तिच्या आतल्या भिंतीला एक पातळ थर असतो, तीच दुकानं. नमुन्याची वाफ हेलियमसारख्या वायूबरोबर त्यातून ढकलली जाते. ज्या रसायनाला त्या थराचा लळा कमी ते आधी बाहेर, ज्याला जास्त ते नंतर. एकत्र गेलेले सगळे एकेकटे बाहेर येतात.

पण कोण किती वाजता बाहेर आलं एवढ्यावरून त्याचं नाव खात्रीने सांगता येत नाही. दोन वेगळी माणसं एकाच वेळी बाहेर येऊ शकतात. म्हणून नळीच्या तोंडाशी दुसरं यंत्र बसवतात. तिथे प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो, रेणू फुटतो आणि त्याच्या तुकड्यांचं वजन घेतलं जातं. एकाच जातीचे रेणू ठरावीक पद्धतीनेच फुटतात, त्यामुळे तुकड्यांच्या वजनांचा नकाशा म्हणजे जवळजवळ अंगठ्याचा ठसा. तो कॉम्प्युटरमधल्या लाखो ठशांशी ताडून बघायचा. बस.

लिहायला सोपं आहे. ही जोडी जुळवायला मात्र त्रास झाला, कारण पहिलं यंत्र वायूच्या दाबावर चालतं आणि दुसऱ्याला जवळजवळ निर्वात पोकळी लागते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत डाऊ केमिकलच्या प्रयोगशाळेत रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी ती जुळवून दाखवली. १९७६ मध्ये तर व्हायकिंग यानांबरोबर ती मंगळावर उतरली, तिथल्या मातीत सेंद्रिय रसायनं आहेत का बघायला. आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांवरचे कीडनाशकांचे अंश अशाच जोड-यंत्रांनी तपासले जातात. सोयाबीनचं तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावक वापरतात. ते तेलात किती उरलं, हेही गॅस क्रोमॅटोग्राफच सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, कमलाबाईंचा यात काय संबंध? त्यांनी तर पीएचडी केली १९३९ साली, तेव्हा हे यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बरोबर. त्यांना हेच काम, म्हणजे आधी मिसळ वेगळी करायची आणि मग ओळख पटवायची, हाताने आणि डोळ्याने करावं लागलं. आणि ओळख पटवायला त्यांच्याकडे जे होतं ते या स्पेक्ट्रोमीटरच्या घराण्यातलंच जुनं माणूस होतं, स्पेक्ट्रोस्कोप.

घरातच रसायनशास्त्र

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जी संस्था आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते, तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे. थोरली बहीण दुर्गा. हो, त्याच दुर्गाबाई भागवत, ज्यांनी १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. एका घरात दोन बहिणी, आणि दोघींनाही वरच्याने नको म्हटलं की गप्प बसणं जमत नव्हतं.

मुंबई विद्यापीठातून कमलाबाईंनी १९३३ मध्ये बीएस्सी केलं. रसायनशास्त्र मुख्य विषय, पदार्थविज्ञान दुय्यम. पुढे काय करायचं हा प्रश्नच नव्हता. वडील-काका जिथे शिकले तिथेच जायचं. गुण उत्तम होते. अर्ज गेला आणि नाकारला गेला.

कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

नाकारणारे होते सी. व्ही. रामन. त्याच वर्षी ते संस्थेचे संचालक झाले होते, त्या खुर्चीत बसणारे पहिले भारतीय. १९३० चं नोबेल त्यांच्या नावावर. इथे थोडं थांबायला हवं, कारण रामन यांचा शोध नेमका कशाबद्दल होता ते आपण दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणात ऐकतो आणि विसरतो. एखाद्या पदार्थावर प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा एक फार छोटा हिस्सा रंग बदलून येतो, आणि तो बदल पदार्थातल्या रेणूंच्या थरथरीवर ठरतो. म्हणजे प्रकाशावरून रेणू ओळखता येतो. आज विमानतळावर संशयास्पद पावडर तपासायला जी हातात मावणारी यंत्रं वापरतात, त्यातली बरीचशी रामन यांच्या याच शोधावर चालतात.

प्रकाशाचा इतका बारीक फरक टिपणाऱ्या माणसाला समोरच्या अर्जात फक्त मुलगी दिसली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. किंवा थोडं टोमणा म्हणूनच लिहिते.

कमलाबाई बंगळूरला जाऊन धडकल्या. दिवस गांधींचे होते आणि त्यांनी मार्गही तोच धरला. नकाराचं कारण सांगा, नाहीतर मी इथून हलणार नाही, असा सत्याग्रहाचा पवित्रा. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. रामन यांना कामाचा दर्जा पटला तरच पुढचं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही, म्हणजे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

शेवटची अट दोनदा वाचा. लक्ष त्यांचं विचलित होणार, आणि जबाबदारी हिची.

त्यांनी अटी मान्य केल्या. पण हा अपमान आपण विसरलो नाही, हे त्या म्हातारपणीसुद्धा उघडपणे सांगत. ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती त्यामुळेच. रामन थोर होते म्हणून ती झाकली गेली नाही, आणि ती सांगितली गेली म्हणून रामन यांचं शास्त्र खोटं ठरलं नाही.

तूर, मूग आणि दूध

बंगळूरला मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीचे, पण शिकवणारे. कमलाबाईंनी विषय घेतला तो दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांचा. गरीब देश जे खातो त्यात ताकद किती आहे, हे मोजायचं. वर्षभराने रामन यांना काम पटलं. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये त्यांनी एमएस्सी पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

डाळींचा हा विषय त्यांनी पुढेही सोडला नाही. १९५० च्या दशकात मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भाज्या आणि कडधान्यांमधल्या ट्रिप्सिन-रोधकांवर काम केलं. नाव जड आहे, गोष्ट आपल्या शिवारातली आहे. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात प्रथिनं पचवणारं एंझाइम. कच्च्या कडधान्यात असं एक प्रथिन असतं जे या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवतं. मग तुम्ही कितीही प्रथिनं खा, पचणार कमी. शिजवलं की हा रोधक बराचसा मोडतो. आमच्या चाकूर तालुक्यात खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन असतं, आणि सोयाबीन तर या रोधकासाठी जगभर प्रसिद्ध आहे. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घातलं तर त्यांची वाढ खुंटते आणि पेंड करताना ती नीट तापवावी लागते, याचं कारण तेच. लातूरच्या मोंढ्यात तुरीचा आणि सोयाबीनचा भाव रोज बघणाऱ्या माणसाला कमला सोहोनी हे नाव माहीत नसतं. असण्याचं कारणही नाही म्हणा.

केंब्रिज : बटाटा काळा का पडतो?

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोचल्या, न्यूनहॅम कॉलेजमध्ये. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. आणि गंमत बघा, हॉपकिन्स यांच्या विभागाची ख्याती अशी होती की तिथे बायकांना संशोधनासाठी जागा मिळते, जी इंग्लंडात तेव्हा फारशी कुठे मिळत नव्हती. तरी केंब्रिज विद्यापीठ बायकांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी देत नव्हतं, ते १९४८ पासून सुरू झालं. म्हणजे रामन एकटे नव्हते. साहेबाचं घरही काही फार पुढे गेलेलं नव्हतं.

आधी त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केलं, मग रॉबिन हिल यांच्याबरोबर. हिल हा माणूस वेगळाच. वनस्पतींच्या रंगद्रव्यांचं वेड असं की घरी रंगाची झाडं लावून त्यांच्यापासून जलरंग बनवायचा आणि चित्रं काढायचा. प्रकाशसंश्लेषणात ज्याला हिल अभिक्रिया म्हणतात ती याचीच, आणि त्याच वर्षांतली.

आता बटाट्याकडे येऊ. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो, हे भाजी चिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते एका एंझाइममुळे होतं, जे हवेतला ऑक्सिजन वापरून फिनॉल जातीच्या रसायनांचा रंग बदलतं. त्या काळी अनेक शास्त्रज्ञांना वाटत होतं की वनस्पती ऑक्सिजन घेऊन जो श्वास करतात, त्यातली शेवटची पायरीही हेच एंझाइम सांभाळत असावं. प्राण्यांमध्ये ती पायरी वेगळ्या यंत्रणेकडे असते, हे तोवर कळलं होतं. मग वनस्पती आणि प्राणी यांचा श्वास मुळातच वेगवेगळा आहे की आतून एकच?

प्राण्यांमधली ती यंत्रणा म्हणजे सायटोक्रोम. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं. त्यांनी किड्यांच्या उडण्याच्या स्नायूंकडे स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिलं. स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे थोडक्यात नळीत बसवलेला प्रिझम. पदार्थातून आरपार आलेला प्रकाश त्यातून बघितला की इंद्रधनुष्य दिसतं, पण त्यात मध्येच काळे पट्टे असतात. ज्या रंगाचा प्रकाश पदार्थाने गिळला, तिथे काळोख. कुठल्या जागी किती पट्टे, यावरून पदार्थ ओळखायचा. कायलिन यांना हे पट्टे दिसले, आणि खरी कमाल म्हणजे ते येत-जात होते. ऑक्सिजन कमी पडला की पट्टे ठळक, हवा मिळाली की पुसट. म्हणजे जे काही होतं ते श्वासाबरोबर बदलत होतं. तो रेणू आपल्यातलं लोह वापरून इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याकडे देतो, बादल्या हातोहात देणाऱ्या रांगेतल्या माणसासारखा. रांगेच्या शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेझ नावाचं एंझाइम उभं असतं, ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतं. सायनाइडने माणूस मरतो तो याच शेवटच्या माणसाचा हात धरून ठेवल्यामुळे.

म्हणजे सायटोक्रोम कमलाबाई केंब्रिजला जाण्याच्या १२ वर्षं आधीच सापडलेलं होतं, आणि ते वनस्पतींमध्येही असतं हेही कायलिन यांनी म्हटलं होतं. पोस्टमधली मोठी चूक हीच.

मग बाईंनी काय केलं? त्यांनी वनस्पतीतली ही रांग शेवटपर्यंत नेऊन दाखवण्याचं काम केलं. ते अवघड का होतं, हे कळायला हिरवं पान डोळ्यासमोर आणा. त्यात हरितद्रव्य इतकं असतं की त्याच्या गडद पट्ट्यांखाली सायटोक्रोमचे बारीक पट्टे झाकले जातात. बटाटा हिरवा नसतो. पण बटाट्यात दुसरी कटकट, तो काळा पडतो. आणि वनस्पतीच्या ऊतीत सायटोक्रोम मुळातच थोडं. बटाटा वाटा, गाळा, नको ते काढा, हवं ते टिकवा, थंड ठेवा, आणि मग स्पेक्ट्रोस्कोपला डोळा लावून बसा, वर्णपटाच्या हिरव्या भागात ५५० नॅनोमीटरच्या आसपास ती बारीक काळी रेघ दिसते का ते पाहा. सायटोक्रोम सीची ती खूण. रेघ दिसली तरी काम संपत नाही. ते ऑक्सिजनबरोबर खरंच काम करतंय आणि शेवटचं एंझाइम तिथे हजर आहे, हे वेगळं दाखवावं लागतं.

१९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात रॉबिन हिल आणि कमला भागवत या नावांनी एक छोटं टिपण आलं, सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेझबद्दल. वनस्पतींमध्येही श्वासाची शेवटची पायरी तीच आहे, या बाजूने मिळालेला हा एक महत्त्वाचा पुरावा. आंब्याच्या झाडाचा, बटाट्याचा, म्हशीचा आणि तुमचा श्वास आतून एकाच पद्धतीने चालतो, हे आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. ती ओळ लिहिता यावी म्हणून ज्यांनी बटाटे वाटले, त्यांत एक मुंबईची मुलगी होती.

प्रबंध लिहिला तो अवघ्या ४० पानांचा, एकूण १४ महिन्यांत. आजच्या आपल्या विद्यापीठांमधले चारशे-पाचशे पानांचे प्रबंध आठवा आणि पुढे चला.

पोस्टमधला दुसरा दावा, पहिली भारतीय महिला वगैरे. पीएचडी या नावाची विज्ञानातली पदवी म्हटली तर कमलाबाईंना पहिलं मानतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली होती, तिचं नाव डीएस्सी. तेव्हा पहिली कोण यावरून कमेंटमध्ये भांडायचं असेल तर आधी पदवीचं नाव बघून घ्या.

एक गोष्ट मला वाचताना फार आवडली. कमलाबाई केंब्रिजमध्ये आल्या तेव्हा त्याच शहरात डन पोषण प्रयोगशाळेत आर्चर मार्टिन नावाचा एक तरुण काम करत होता. १९३८ मध्ये तो लीड्सला लोकरीच्या संशोधनाकडे गेला. लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी कशी करायची, या डोकेदुखीतून त्याने रिचर्ड सिंज यांच्याबरोबर क्रोमॅटोग्राफीची नवी पद्धत काढली आणि १९४१ च्या निबंधात, द्रवाऐवजी वायू वापरूनही हे करता येईल, असं जाता जाता लिहून ठेवलं. दहा वर्षं कोणी ते करून पाहिलं नाही. शेवटी १९५२ मध्ये ए. टी. जेम्स यांच्या साथीने मार्टिननेच ते केलं, आणि गॅस क्रोमॅटोग्राफी जन्माला आली. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना नोबेल मिळालं, आधीच्या शोधासाठी. वेगळं करणारा आणि ओळख पटवणारी, दोघं काही महिने एकाच गावात होते.

परत आल्यावर

१९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर कमलाबाई भारतात परतल्या. केंब्रिजच्या डॉक्टरेटनंतर तिकडेच राहता आलं असतं. त्यांना इकडे काम करायचं होतं. आधी दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, तिथे नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख. मग नीलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. पुढे हीच प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९४७ मध्ये त्यांनी मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न केलं, ते विमागणिती होते, आणि बिऱ्हाड मुंबईला आलं.

मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. पुढची सगळी वर्षं तिथेच. विषय तेच, लोक काय खातात आणि त्यांच्या अंगी काय लागतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम नीरेवरचं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ते हाती घेतलं. नीरा म्हणजे ताड-शिंदीच्या झाडाचा ताजा, गोड रस. पहाटे उतरवला तर नीरा, ऊन चढेपर्यंत ठेवला तर ताडी. एकच मडकं, आणि त्यातली मिसळ तासातासाला बदलत जाते. साखरेचा अल्कोहोल होत जातो. (रक्तातला अल्कोहोल मोजायला आज जगभर गॅस क्रोमॅटोग्राफ वापरतात. पोलिसांनी ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडलेल्यांनी या वाक्याची नोंद घ्यावी.) कमलाबाईंच्या गटाने ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह किती हे तपासलं, ताडगूळ तपासला, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली तर प्रकृतीत फरक पडतो असं दाखवलं. स्वस्त, झाडावर आपोआप तयार होणारं टॉनिक. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत सल्ला देण्याचं कामही त्यांनी केलं.

दारूबंदीच्या वादात नीरा कायम लटकत राहिली, कारण नीरेच्या नावाखाली ताडी विकता येते. विज्ञानाने नीरा चांगली म्हटली तरी सूर्य उगवायचा थांबत नाही.

संस्थेतलं राजकारण त्यांच्याही वाट्याला आलं. संचालकपद त्यांना मिळायला हवं होतं तेव्हा मिळालं नाही, काही वर्षं उशिरा मिळालं. ज्यांनी १९३३ मध्ये दारात उभं राहून जागा मिळवली होती, त्यांना तीस-एक वर्षांनी पुन्हा दारात उभं केलं गेलं, यावेळी अट न सांगता.

तपासून घ्या

१९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना सुरू केली. तेव्हा ग्राहकाला हक्क असतो ही कल्पनाच नवी होती, ग्राहक संरक्षण कायदा यायला २० वर्षं होती. कमलाबाई या कामात ओढल्या गेल्या, संघटनेच्या कीमत या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लिहू लागल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग केंब्रिजइतकाच मोलाचा वाटतो, आणि पोस्टमध्ये तो कधीच नसतो. भेसळ ही शेवटी ओळख पटवण्याचीच गोष्ट आहे. डाळ पिवळी दिसते ती स्वतःच्या रंगाने की मेटॅनिल यलो नावाच्या कापडाच्या रंगाने? डाळीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि गुलाबी-लाल रंग आला तर दुसरी शक्यता. ही चाचणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते (फक्त आम्ल जपून हाताळा), फार तर गडबड आहे एवढं सांगते. नेमकं काय आणि किती, हे सांगायला प्रयोगशाळा लागते, आणि मोठी यंत्रं. खटला उभा राहायला दुसरं उत्तर लागतं, पण दुकानदाराला प्रश्न विचारायला पहिलं पुरतं.

हेही सांगायला हवं की ज्या जोड-यंत्रापासून मी सुरुवात केली, ते कमलाबाईंच्या लाडक्या रेणूच्या काही कामाचं नाही. गॅस क्रोमॅटोग्राफला नमुन्याची वाफ व्हावी लागते. सायटोक्रोम सी हे प्रथिन, त्याचं रेणुवजन १२ हजारांच्या पुढे. तापवलं तर वाफ होणार नाही, करपेल. प्रथिनांसाठी वायूऐवजी द्रवावर चालणारी क्रोमॅटोग्राफी मास स्पेक्ट्रोमीटरला जोडावी लागली. एवढा मोठा रेणू न मोडता तराजूवर कसा चढवायचा, ही युक्ती १९८० च्या दशकात सापडली आणि जॉन फेन आणि कोइची तानाका यांना त्यासाठी २००२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज अशा प्रयोगशाळांत यंत्र नीट मोजतंय ना हे बघायला एक ओळखीचं, भरवशाचं प्रथिन लागतं. त्यासाठी फ्रिजमध्ये अनेकदा सायटोक्रोम सीची बाटली असते. घोड्याच्या हृदयातून काढलेली, तांबूस रंगाची पूड. नवा विद्यार्थी यंत्रावर पहिला हात बसवतो तो बहुधा तिच्यावर.

कमलाबाईंच्या हयातीत त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. १९९८ च्या जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सन्मानासाठी कार्यक्रम ठेवला. वय ८७. त्या मुंबईहून गेल्या. कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.